दोन घरचा पाहुणा



‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. थोरल्या घरी वाटते, पाहुणा धाकट्याकडे जेवला असेल; धाकट्या घरी वाटते, थोरल्याकडे पंगत झाली असेल; आणि पाहुणा बिचारा तांब्याभर पाणी पिऊन अंथरूण धरतो. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो असाच एक दोन घरचा पाहुणा आहे. फक्त तो माणूस नाही, संगणक आहे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपात किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात, मशीनच्या घरघराटात, काचेच्या लहानशा केबिनमध्ये तो बसलेला असतो. त्याच्या पाठीला दोन वायरी असतात. एक मशीनकडे जाते, दुसरी ऑफिसकडे. वायर ज्यात खोचतात त्या भागाला नेटवर्क कार्ड म्हणतात; म्हणजे या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे आहेत. इंग्रजीत अशा संगणकाला ‘ड्युअल-होम्ड’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही ‘दोन घरांचा’ असाच आहे.

आपण खेड्यात बसून या संगणकाची उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांतली कितीतरी मुले रोज कंपनीच्या बसने या पट्ट्यात कामाला जातात, आणि मराठवाड्यातून आलेली मुले तिथेच खोल्या करून राहतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या पोराला पहिल्याच वर्षी सुपरवायझर हाक मारतो, ‘अरे, त्या पीसीवर नेट येत नाही, बघ जरा.’ तो पीसी बहुधा हाच असतो. आणि शिक्षक मंडळींच्या शाळेतही हाच पाहुणा थोड्या निराळ्या वेषात येऊन राहिलेला आहे. त्याची गाठ पुढे घालून देतो.

आधी हे दोन घरांचे प्रकरण निर्माण कसे झाले ते पाहू. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, १९६२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, मग मोटारींचे कारखाने आले. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली आणि फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला. या सगळ्या काळात कारखान्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या वायरिंगी वाढत गेल्या. एक मशीनची. सीएनसी मशीन, रोबो, आणि मशीनला ‘आता हे कर, आता ते कर’ असे सांगणारी पीएलसी नावाची पेटी, ही सगळी आपसांत बोलतात ती या वायरींवरून. दुसरी ऑफिसची. तिच्यावरून पगार, खरेदी, बिले, ई-मेल. पहिली टाकली मेंटेनन्सवाल्यांनी, दुसरी टाकली संगणकवाल्यांनी, आणि दोघांचे एकमेकांशी फारसे बोलणे नव्हते. पुढे मालकाने विचारले, पहिल्या पाळीत किती नग निघाले ते मला माझ्या टेबलावर दिसेल का? तेव्हा कोणीतरी मधल्या संगणकात आणखी एक कार्ड बसवले. कार्ड काही महाग नसते. दोन्ही घरांची सोयरीक त्या दिवशी झाली.

आता हा संगणक करतो काय? त्याला एखादी माहिती पाठवायची असली की ती तो लहान लहान पाकिटांत भरतो. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. पाकीट हातात आले की त्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो: हे कुठल्या वायरीत घालू? या निर्णयाला राउटिंग म्हणतात, म्हणजे वाट ठरवणे.

वाट ठरवण्याची रीत समजायला आपल्या टपालखात्यासारखा दुसरा दाखला नाही. पत्त्याखाली आपण सहा आकडी पिन कोड लिहितो. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो बसवला टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. वेलणकर मोठे संस्कृत पंडित होते, ही गोष्ट शाळेत अवश्य सांगावी. पिंपरीचा पिन कोड ४११०१८, चाकणचा ४१०५०१. समजा, कलकत्त्याच्या टपालघरात चाकणचे पत्र पडले. तिथला माणूस चाकण कुठे आहे याचा विचारसुद्धा करत नाही. त्याने पहिला आकडा ४ पाहिला, की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागाच्या थैलीत टाकले. पुढे पहिले दोन आकडे पाहिले जातात. ४१ इथपर्यंत पिंपरी आणि चाकण एकाच थैलीत असतात. तिसऱ्या आकड्याला वाट फुटते. ४११ एकीकडे, ४१० दुसरीकडे. शेवटचे तीन आकडे अगदी अखेरीला, प्रत्यक्ष पोस्ट ठरवायला लागतात. म्हणजे लांबच्या माणसाने थोडे वाचायचे, जवळच्याने जास्त वाचायचे.

संगणकाचा पत्ता असाच असतो. त्यात चार संख्या असतात, प्रत्येक शून्यापासून २५५ पर्यंत, आणि मध्ये टिंबे. आपल्या संगणकाचे मशीनच्या बाजूचे कार्ड घ्या. त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ असा आहे. यातल्या पहिल्या तीन संख्या म्हणजे आळीचे नाव, चौथी म्हणजे घराचा नंबर. आळीचे नाव कुठे संपते आणि घराचा नंबर कुठे सुरू होतो हे सांगायला सोबत ‘सबनेट मास्क’ नावाची आणखी एक खूण लिहितात, २५५.२५५.२५५.० अशी ती असली की पहिल्या तीन संख्या आळीच्या. ऑफिसच्या बाजूच्या कार्डाचा पत्ता १०.२०.३०.५ असा धरू. लक्षात घ्या, पत्ता संगणकाला नसतो, कार्डाला असतो. दोन कार्डे म्हणून दोन पत्ते.

आता चाकणच्या तळेगाव चौकात या. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो हा चौक. तिथल्या गर्दीविषयी मी काही बोलत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाही त्यांना सांगून पटायचे नाही. त्या चौकात आलेला ट्रक ड्रायव्हर पाटी वाचतो. राजगुरुनगर, नाशिक सरळ, तळेगाव इकडे, शिक्रापूर तिकडे. आपल्या संगणकाच्या पोटात अशीच एक पाटी असते. तिला राउटिंग टेबल म्हणतात. आपण वाटांची पाटी म्हणू. आपल्या दोन कार्डांच्या संगणकाच्या पाटीवर मुख्य ओळी तीनच असतात. १९२.१६८.१० ची आळी: पहिल्या कार्डातून थेट. १०.२०.३० ची आळी: दुसऱ्या कार्डातून थेट. आणि तिसरी ओळ: बाकी सगळे जग, दुसऱ्या कार्डातून, १०.२०.३०.१ या घरामार्फत.

या तिसऱ्या ओळीला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. आपल्याकडे गावाला वेस असते. गावातल्या गावात कुणाकडे जायचे तर वेशीपर्यंत जायला नको. गावाबाहेर कुठेही जायचे, मग ते आळंदी असो की काशी, तर आधी वेशीवर यायचे आणि तिथून पुढची वाट विचारायची. गेटवे ही आळीची वेस. तिथे राउटर नावाचे यंत्र बसलेले असते. आणि खरे सांगायचे तर राउटर म्हणजेसुद्धा दोन किंवा अधिक कार्डांचा संगणकच, फक्त वाटा दाखवण्याखेरीज दुसरा उद्योग नसलेला.

पाटी वाचायचा नियम पिन कोडसारखाच आहे. पत्त्याशी जी ओळ जास्तीत जास्त जुळते ती पहिली. नुसती ‘बाकी सगळे’ ही ओळ कशाशीही जुळते, म्हणून ती सर्वांत शेवटी. आणि आणखी एक: पाटी फक्त ‘कुठे जायचे’ एवढेच विचारते. पाकीट कुठल्या कार्डाच्या नावाने निघाले, ते कशाचे उत्तर आहे, प्रश्न कुठल्या दाराने आला होता, यातले काहीही ती सहसा विचारत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्यातून निघतात.

आता एक कोडे सांगतो. समजा, भोसरीला एक लहान वर्कशॉप आहे. मालक सकाळी सात वाजता येतो, संगणक लावतो, ई-मेल पाहतो; सगळे ठीक. आठला पाळी सुरू होते, मशीन चालू होतात, आणि नेट बंद. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोणी मशीनकडचा स्विच बंद केला की नेट पुन्हा चालू. एकीकडे ट्रक भरून उभा आहे आणि ई-वे बिल निघत नाही; २०१८ पासून ठरावीक किमतीवरचा माल त्या बिलाशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. मालक टेलिफोन कंपनीला फोन करतो. ते म्हणतात, आमची लाइन चालू आहे. त्यांचे खरे असते. मग कोणी म्हणतो, मशीनच्या करंटचा परिणाम होत असेल. कोणी म्हणतो, व्हायरस असेल. नवी केबल टाकून होते, संगणक फॉरमॅट करून होतो, आणि महिनाभराने कोडे तिथेच.

कोड्याचे उत्तर असे. वर्कशॉपच्या मागे नवी शेड बांधली. तिथल्या मशीनची आळी १९२.१६८.२० ही, आणि तिच्याकडे जायची वेस १९२.१६८.१०.१ या घरी. संगणकाला नव्या शेडची मशीन दिसेना. म्हणून कुणीतरी मशीनकडच्या कार्डातही डिफॉल्ट गेटवेच्या रकान्यात १९२.१६८.१०.१ हा पत्ता लिहिला. विंडोज अशा वेळी इशारा देते, की बाबा, वेशी दोन होताहेत. पण तो इशारा इंग्रजीत, आणि माणूस घाईत. ‘ओके’ दाबून मोकळा. शेड दिसायला लागली, सगळे खूश. पण पाटीवर आता ‘बाकी सगळे’ ही ओळ दोनदा झाली. एक म्हणते ऑफिसकडून जा, दुसरी म्हणते मशीनकडून जा. दोन्ही सारख्याच जुळतात. मग संगणक ‘मेट्रिक’ नावाचा एक आकडा पाहतो. ज्या ओळीचा आकडा लहान ती वाट पक्की. हा आकडा आपण लिहिला नाही तर विंडोज स्वतः ठरवते, आणि ठरवताना वायरीचा वेग पाहते. वेगवान वायर, लहान आकडा. मशीनकडचा स्विच नवा आणि वेगवान, ऑफिसचा जुना; त्यामुळे जगाकडे जाणारे प्रत्येक पाकीट मशीनच्या वेशीवर जाऊन उभे राहायला लागले. त्या वेशीबाहेर जग नाहीच. तिथे आहे फक्त मागची शेड. पाहुणा उपाशी राहिला तो असा. स्विच बंद केला की त्या कार्डाच्या ओळी पाटीवरून आपोआप पुसल्या जातात, उरते ऑफिसची वाट, आणि नेट चालते. करंटचा परिणाम होता हे म्हणणे एका अर्थी अगदीच चूक नव्हते म्हणा!

यावरचा उपाय पाच मिनिटांचा आहे. मशीनकडच्या कार्डात डिफॉल्ट गेटवेचा रकाना कोरा ठेवायचा. संगणकाला ‘बाकी सगळे’ ही ओळ एकच हवी, आणि ती जिकडे खरोखर जग आहे तिकडची. नव्या शेडसाठी निराळी ओळ हाताने लिहायची: १९२.१६८.२० ची आळी, १९२.१६८.१०.१ मार्फत. अशा हाताने लिहिलेल्या ओळीला स्टॅटिक रूट म्हणतात. विंडोजमध्ये ती लिहिताना जोडीला ‘पी’ हे अक्षर लावावे लागते, नाहीतर संगणक बंद करून पुन्हा लावला की ओळ गेली, आणि सोमवारी सकाळी पुन्हा बोंब. पाटी वाचायची असेल तर विंडोजमध्ये काळी खिडकी उघडून ‘रूट प्रिंट’ असे टाइप करतात, लिनक्समध्ये ‘आयपी रूट’. माझे तर मत असे आहे, की केबलला हात लावण्याआधी पाटी वाचावी. वैद्य आधी नाडी पाहतो.

दुसरी एक अडचण या पट्ट्यात वारंवार येते. खाजगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १० ने सुरू होणारे, १९२.१६८ ने सुरू होणारे, आणि १७२ मधले काही. कोणीही आपल्या आवारात ते वापरावेत, १९९६ साली तसा संकेतच ठरलेला आहे. सोय मोठी, पण प्रत्येक जण १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ पासूनच मोजायला सुरुवात करतो. मशीन बनवणारा परदेशातून मशीन पाठवतो ते याच आळीचा पत्ता घालून, आणि ऑफिससाठी बाजारातून आणलेला राउटरही त्याच आळीचा निघतो. मग दोन घरांच्या पाहुण्याला दोन्ही आळ्यांचे नाव एकच दिसते. एका जिल्ह्यात दोन पिंपळगावे असावीत आणि पत्रावर नुसते ‘पिंपळगाव’ लिहावे, तसे होते. अशा वेळी ऑफिसच्या बाजूचे नाव बदलावे. मशीनच्या बाजूला हात घालू नये. तिथे एक पत्ता बदलला की पीएलसीत, पडद्यावर, रोबोत, दहा ठिकाणी बदलावा लागतो, आणि अकरावे ठिकाण कुठे आहे हे ज्याला माहीत असते तो इंजिनिअर परत गेलेला असतो.

शिक्षक मंडळींना मी वर एक वचन दिले होते. आपल्या शाळेतला लॅपटॉप पाहा. त्याला केबलची खाच आहे आणि वाय-फायही आहे. वाय-फाय हेसुद्धा नेटवर्क कार्डच, फक्त बिनवायरीचे. म्हणजे प्रत्येक लॅपटॉप जन्मतःच दोन घरांचा. वर्गातल्या मोठ्या पडद्याला स्वतःचे वाय-फाय असते, पण पुष्कळदा त्याच्यामागे इंटरनेट नसते. आपण लॅपटॉप पडद्याला वाय-फायने जोडतो, इंटरनेट केबलने घेतो, आणि माहिती भरायच्या ऐन वेळी पान उघडत नाही. दोष केबलचाही असू शकतो. पण ते ठरवण्याआधी पाटीवरच्या ‘बाकी सगळे’ या ओळी मोजाव्यात. दोन असतील तर पडद्याचे वाय-फाय क्षणभर तोडून पाहावे. पान लगेच उघडले तर रोग सापडला. मग वाय-फायच्या मेट्रिकमध्ये मोठा आकडा लिहून ठेवावा, की तंटा मिटला.

आता जास्त गंभीर भागाकडे वळतो. आतापर्यंत पाहिले ते एका संगणकाच्या स्वतःच्या पाकिटांचे. पण मालक म्हणतो, मला मधला संगणक नको; माझ्या टेबलावरून मला थेट मशीनशी बोलू दे. मग मधल्या संगणकाला सांगतात, या कार्डातून आलेले परके पाकीट त्या कार्डातून पुढे दे. याला फॉरवर्डिंग म्हणतात. साध्या विंडोज किंवा लिनक्स संगणकात ते मुळात बंद असते, आणि ते बंद असते यात शहाणपण आहे. चालू केले तरी पहिल्यांदा काही होत नाही, कारण पाकीट मशीनपर्यंत पोचते पण मशीनला उत्तर कुठे धाडायचे ते ठाऊक नसते. तिच्या पाटीवर ऑफिसची आळीच नाही. जायची वाट झाली, यायची राहिली. मग एकेका मशीनमध्ये गेटवे लिहितात. तेही झाले की ऑफिसातला प्रत्येक संगणक प्रत्येक मशीनला दिसायला लागतो. काम सोपे झाले असे वाटते. खरे म्हणजे दोन आळ्यांमधली भिंत पडलेली असते.

‘आम्ही फॉरवर्डिंग चालू केलेले नाही, म्हणजे आमची भिंत शाबूत आहे,’ असे म्हणणारेही मला भेटतात. त्यांना मी चाकणच्या संग्रामदुर्गाची आठवण देतो. १६६० साली शायिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. दरवाजा बंदच होता. मोगलांनी जमिनीखालून भुयार खणले आणि बुरूज सुरुंगाने उडवला. संगणकाचेही तसेच होते. फॉरवर्डिंग बंद असले तरी ऑफिसच्या बाजूने एखादा घातक प्रोग्रॅम या संगणकात शिरला, की तो त्याच्या आत बसून चालू लागतो. आणि आत बसलेल्याला दोन्ही कार्डे मोकळी असतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वाटांची पाटी तर भिंतीवर लावलेलीच आहे.

हे भय कल्पनेतले नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा जगभर पसरला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपण होऊन जाई. रेनो आणि निसान यांचे कारखाने अडखळले, त्यांत चेन्नईजवळचाही होता. जपानात होंडाचा सायामा येथील कारखाना १९ जूनला, म्हणजे महिना उलटून गेल्यावर, एक दिवस बंद ठेवावा लागला. तिथे दिवसाला सुमारे हजार मोटारी होत. आणि वाईट याचे वाटते, की त्या किड्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. पण मशीनशेजारच्या संगणकाला इलाज टोचायला कोणी धजत नाही. मशीन बंद पडली तर काय घ्या! विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली संपली, विंडोज ७ ची २०२० साली, आणि दोन्ही अजून कुठे कुठे मशीनच्या कडेला चालताना दिसतात. मशीन वीस-वीस वर्षे चालते, मग तिच्याबरोबर आलेला संगणक कोण बदलणार?

आपल्या महाराष्ट्रात याची झळ लागली ती २७ जून २०१७ रोजी. ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा किडा युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका प्रोग्रॅमवाटे सुटला आणि मेर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या जाळ्यात शिरला. तिचीच एक शाखा उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरचा एक धक्का चालवत होती. तिथली संगणकव्यवस्था थांबली आणि कंटेनर अडकून पडले. चाकणहून परदेशी जाणाऱ्या मालाचा रस्ता त्याच बंदरातून जातो. नंतर मेर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितले, की दहा दिवसांत त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. एक गंमत अशी नोंदलेली आहे, की कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंदवही सगळीकडे नष्ट झाली, ती एकट्या घानात वाचली, कारण तिथे त्या वेळी वीज गेलेली होती. वीज जाण्याचा असा उपयोग आपल्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी ऐकला असेल. तिथे दोष दोन कार्डांच्या संगणकाचा होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की जिथे एका घरातून दुसऱ्या घरात मोकळे दार असते तिथे चोराला एकच कडी काढावी लागते.

मग लहान कारखानदाराने काय करावे? मोठ्या कंपन्यांकडे माणसे आहेत, पैसा आहे. मला काळजी आहे ती भोसरीतल्या दहा मशीनवाल्याची. त्याने मधल्या संगणकावर ई-मेल उघडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये, बिले करू नयेत. त्यासाठी दुसरा संगणक घ्यावा. हे पहिले, आणि याला तुलनेने खर्च थोडा. मधल्या संगणकाने कारकुनासारखे वागावे: मशीनकडून आकडे घ्यावेत, कागदावर उतरवावेत आणि ऑफिसच्या खिडकीतून द्यावेत. ऑफिसच्या माणसाला आत घेऊ नये. मशीनकडच्या कार्डात गेटवे कोरा, हे आपण पाहिलेच. जमेल तेव्हा ऑफिस आणि हा संगणक यांच्यामध्ये फायरवॉल बसवावी. ती म्हणजे वेशीवरचा असा जागल्या, की जो पाकिटाचा पत्ता तर वाचतोच, शिवाय ते कोणाचे आणि कशासाठी हेही विचारतो. आणि वाटांची पाटी कागदावर छापून केबिनच्या आतल्या भिंतीवर लावावी, खाली तारीख घालून. कुणी ओळ बदलली तर कागदावरही बदलायची. ज्याने पहिली जोडणी केली तो मुलगा दिवाळीनंतर दुसऱ्या कंपनीत जातो. पाटी मागे राहिली पाहिजे.

शिक्षकांनी हा धडा वर्गात संगणकाशिवाय शिकवावा असे मला वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना दोन रांगांत बसवा. डावी रांग मशीनची आळी, उजवी रांग ऑफिसची. दोन्हींच्या मध्ये एक मुलगा किंवा मुलगी उभी करा; तिच्या हातात तीन ओळींची चिठ्ठी द्या. उजव्या रांगेच्या टोकाला दाराजवळ एक मूल वेस म्हणून बसवा. मुलांना पत्त्यांची पाकिटे करू द्या. काही या रांगेतली, काही त्या रांगेतली, काही नागपूर-कोल्हापूरची. मधल्या मुलीने चिठ्ठी वाचून प्रत्येक पाकीट योग्य हातात द्यायचे. दहा मिनिटांत वर्गाला जमते. मग डाव्या रांगेच्या टोकालाही एक वेस बसवा, चिठ्ठीवर ‘बाकी सगळे’ ही ओळ दुसऱ्यांदा लिहा, आणि नागपूरचे पाकीट तिच्या हातात ठेवा. ती आधी डावीकडे पाहील, मग उजवीकडे पाहील, आणि मग तुमच्याकडे पाहील. मेट्रिक म्हणजे काय ते त्या वेळी सांगा.